शिदूच्या सिनेमातलं कुत्रं

यंदा होळीच्या आतच टँकर सुरू झाला. आमच्याकडं उन्हाळा लागला हे कॅलेंडर बघून कळत नाही, टँकरच्या हॉर्नवर कळतं. हॉर्न वाजला तशा बायका घागरी घेऊन पळाल्या. सोसायटीच्या भिंतीच्या सावलीत बसलेल्या पोरांनी मोबाईलमधनं माना वर काढल्या, टँकर बघितला आणि परत माना खाली घातल्या. त्यांचं कुठल्यातरी सिनेमावर चाललं होतं.

एक म्हणाला, "लय भारी हाय, पण शेवट दाखवलाच न्हाई. आपला आपण समजायचा."

दुसरा म्हणाला, "तसलंच भारी आसतंय आता."

मी काठी टेकून तिथंच उभा होतो. त्यातल्या एकानं विचारलं, "नाना, तुमी बघितला का ह्यो?"

"बघितल्यालं सोड," मी म्हणालो, "न बघितलेल्या सिनेमावर तुमच्यापेक्षा जास्त भांडलोय मी."

पोरं हसली. म्हातारं चेष्टा करतंय असं त्यांना वाटलं. मी चेष्टा करत नव्हतो, पण सांगत बसलो नाही. घराकडं निघालो तर वाटेवरचा कडुनिंब फुलला होता. पाणी असो नसो, तो आपला चैत्राच्या तोंडाला फुलतोच. तो कडूगोड वास नाकात गेला आणि माझा पाय तिथंच अडला. छावणीच्या उन्हाळ्यात असाच वास होता. त्याला काही वर्षं झाली. किती झाली ते मी मोजत नाही. शिदूची बायको मोजते, तेवढं पुरे.

माझी शाळा चौथीपर्यंतची. सिनेमा कळायला शाळा लागत नाही असं माझं मत आहे, आणि ते मी आता बदलणार नाही.

त्या उन्हाळ्यात खटावात जनावरं जगवायला चारा-छावण्या पडल्या होत्या. आमच्या गावची आणि आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांची जनावरं एका माळावर आणून बांधली होती, आणि जनावरामागं माणूस. घर गावात, माणूस माळावर. वर हिरवी जाळी ताणलेली. जाळीतनं ऊन गाळून खाली यायचं आणि सगळ्यांची तोंडं हिरवी दिसायची, तळ्याच्या तळाला बसल्यासारखी. तळ्यात पाणी नव्हतं, एवढाच फरक. दिवसभर शेणामुताचा आणि उसाच्या चिपाडाचा आंबूस वास. माशा. दुपारी वावटळ उठली की जाळीचे कोपरे फडफडायचे आणि बसलेली जनावरं एकदम उभी राहायची. दिवस कलताना चारा पडला की शेकडो तोंडं ऊस फोडायला लागायची. डोळे मिटून ऐकलं तर पत्र्यावर पाऊस पडतोय असं वाटायचं. म्हणून मी डोळे मिटत नसे.

एखादं जनावर बसलं आणि उठलं नाही की सकाळी ट्रॅक्टर यायचा. दोर बांधून ओढत न्यायचा. मातीत मागं एक रुंद पट्टा उरायचा. दिवसभर तो पट्टा कुणी ओलांडत नसे, वळसा घालून जायचे. तसं करा असं कुणी सांगितलेलं नव्हतं.

अशा ठिकाणी सिनेमा कसा सुचतो, असं सुनेनं मला एकदा विचारलं. अशाच ठिकाणी सुचतो.

पण छावणी सोडून जाता येत नव्हतं. रोज संध्याकाळी कानातले बिल्ले बघून जनावरांची मोजणी व्हायची. दावणीला मालक नसला की चाऱ्याला अडचण. एखादा कमी असला तर शेजारचा त्याची जनावरं आपली म्हणून दाखवायचा. एकाचं झाकता यायचं, चौघांचं झाकता आलं नसतं. म्हणून आमच्या ओळीनं ठरवलं की शुक्रवारी एकानं जायचं. दुपारच्या एस्टीनं विट्याला जायचं, नवा सिनेमा बघायचा, दिवस बुडायच्या सुमाराला परत यायचं आणि बसून सगळ्यांना तो सांगायचा. तिकीट सगळ्यांत. बघायचा एकानं, मत मात्र सगळ्यांनी द्यायचं.

त्याचेही कायदे होते. थेटरात झोपायचं नाही. आपल्या मनाचं घालायचं नाही. आणि शेवट सांगायच्या आधी थांबायचं. मग प्रत्येकानं आपापला शेवट सांगायचा आणि त्यानंतर खरा काय तो ऐकायचा. माझा बहुतेक वेळा बरोबर यायचा. मी तो आवाज चढवून सांगत असे, हे खरं आहे.

आमच्या ओळीत मेजर होता. फौजेत नाईक म्हणून रिटायर झाला, पण आमच्याकडं फौजेतनं आलेला प्रत्येक जण मेजरच असतो. लढाईच्या सिनेमावर त्याचं एकच मत. "येवढ्या गोळ्या? गड्या, आमचं फायरिंग झालं आन् एक रिकामं काडतूस कमी भरलं, तर आख्खी कंपनी गवतात गुडघ्यावर. आन् हितं ह्यो पठ्ठ्या दिवाळी करतोय." मी शेतीच्या सिनेमाचा जाणकार. हिरो नांगर धरतो पण तळपाय गोरे आहेत असं सांगणारा म्हणाला, की तिथं माझ्यापुरता सिनेमा संपला. आणि शिदूची बायको तानूवहिनी शेण भरता भरता लांबूनच विचारायची, "ती रडली तवा डोळं सुजलं हुतं का?" सांगणारा म्हणाला नाही, तर वहिनी पाटी उचलायची. "मग ती रडलीच न्हाई. फुडं सांगा."

पण सिनेमा सांगावा शिदूनंच.

शिदू मूळचा जतकडचा, मेंढरांमागचा. तरणा असताना कळप घेऊन आमच्या रानात बसायला यायचा. खतासाठी आम्ही मेंढरं बसवून घेत असू. तानूवहिनी आमच्या गावची. लग्न झालं आणि शिदू इथंच राहिला. बोलायचा आमच्यासारखंच, पण मेंढरं मोजताना कानडीत मोजायचा आणि एखादी गोष्ट अगदी पटली की "हौदु" म्हणायचा. व्हय म्हणायचं झालं तर माणसाला म्हणायचा, हौदु म्हणायचा ते स्वतःला.

सिनेमा सांगताना तो हातवारे करत नसे, गाणी म्हणत नसे. काठी आडवी मांडीवर ठेवायचा आणि हळू सांगायचा. हिरो-हिरॉईन त्याला फार महत्त्वाची वाटत नसत. घराचं दार कुठल्या तोंडाला आहे, वारा कुठनं येतोय, अंगणात कोंबडं आहे का, चुलीचा धूर सरळ जातोय का वाकडा, हे सगळं तो सांगायचा. बाकीचे सांगायचे तो सिनेमा कळायचा. शिदू सांगायचा त्यात जाऊन बसता यायचं.

त्याच्याजवळ करड्या बसलेला असायचा. कळपाचा कुत्रा, राखाडी, डावा कान चिरलेला. कळप राहिला नव्हता, कुत्रा राहिला होता.

कळपाचं सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. छावणीच्या आधीच्या एका दुष्काळात शिदूनं सगळी मेंढरं विकली. पाणी नव्हतं, पाला नव्हता, त्याला दुसरं काही करता आलं नसतं. पण पोराला विचारलं नाही. बजरंग त्याचा एकुलता एक. तो मेंढरांतच वाढला, करड्याही त्यानंच पिल्लू असताना आणलेला. त्या दिवशी तो वडूजला बाजाराला गेला होता. आला तर मेंढरांचं वाडगं रिकामं. तो बापाशी भांडला नाही. आत गेला, पिशवीत कपडे भरले आणि फाट्यावर जाऊन एस्टीत बसला. करड्या एस्टीच्या मागं लांबपर्यंत पळाला आणि जीभ काढून परत आला. बजरंग त्यानंतर आला नाही. फोन सुरुवातीला लागायचा, मग उचलेना, मग लागेनाच.

शिदू ह्यावर कधी बोलला नाही. मीही काढलं नाही. पण माळावर त्याची दावण होती तिथनं फाट्याचा रस्ता दिसायचा. चांगली सावली पलीकडच्या ओळीत होती. मी त्याला दोनदा जागा बदलून देतो म्हणालो, तो म्हणाला, "हितंच बरं हाय."

उन्हाळा अगदी मध्यावर असताना एका शुक्रवारी शिदूची पाळी आली. त्याला खोकला लागला होता. वहिनी म्हणाली दुसऱ्याला जाऊ द्या. तो ऐकेना. गेला, आणि संध्याकाळी मोजणी झाल्यावर काठी मांडीवर घेऊन बसला.

सिनेमा असा होता. एक म्हातारा बाप. पोरगा शहरात गेलेला, येतो म्हणून कळवलेलं. म्हातारा रोज स्टँडवर जाऊन बाकावर बसतो. गाड्या येतात, माणसं उतरतात, पोरगा नाही. गावातली माणसं आधी विचारतात, मग हसतात, मग तेही सोडून देतात. एवढाच सिनेमा. मारामारी नाही, गाणं एकच, तेही लांबून ऐकू येणारं. शिदूनं त्या स्टँडवरचा नळ सांगितला, त्याच्याखालचं शेवाळ सांगितलं, बाकाची मोडलेली फळी सांगितली. बाकाखाली एक कुत्रं झोपलेलं असतं, राखाडी, कान चिरलेला, ते सांगितलं.

मेजर म्हणाला, "आयला, करड्या कामाला लागला की सिनेमात."

सगळे हसले. शिदू हसला नाही. कायद्याप्रमाणं शेवटाच्या आधी थांबला. आम्ही आपापले शेवट सांगितले. मी म्हणालो, म्हातारा बाकावरच मरतो, दुसऱ्या दिवशी पोरगा येतो. मला माझ्या शेवटाची खात्री होती.

शिदू म्हणाला, "शेवटाला म्हाताऱ्याचा डोळा लागलाय. शेवटची गाडी येतीया. गाडी दिसत न्हाई, निस्ता उजेड भिंतीवर सरकतोय. कुत्रं उठतं. शेपूट हलवतं. आन् काळूख."

"म्होरं?" मी विचारलं.

"म्होरं काय न्हाई. दिवं लागलं थेटरातलं."

"म्हंजी पोरगं आलं का न्हाई?"

"आलं की."

"दाखवलं?"

"दाखवायला कशाला लागतंय? कुत्रं उठलं न्हवं."

मला राग आला. तिकीट घेऊन अर्धा सिनेमा दाखवणाऱ्याचा आला, आणि त्याला पुरा म्हणणाऱ्याचाही आला. "शिदू, कुत्रं कशाला बी उठतं. कंडक्टर बिस्किट टाकत आसंल."

"बिस्किटाला उठलं न्हवतं."

"तुला काय त्यानं येऊन सांगितलं?"

शिदूनं करड्याच्या पाठीवर हात ठेवला. "भाकरीचं शेपूट खाली आसतंय, ज्ञानू. खाली, आन् भराभरा. आपल्या माणसाचं शेपूट वर आसतंय, आन् सावकाश. त्येचं वर हुतं. म्या बघितलंय."

"मी न्हाई बघितलं."

"मग तुला काय कळणार?"

इथनं ते सुरू झालं. पुढच्या शुक्रवारी दुसरा सिनेमा आला, त्याच्या पुढच्या शुक्रवारी तिसरा. लोकांनी ऐकले, मतं दिली, विसरले. माझं आणि शिदूचं ते एकच चालू राहिलं. सकाळी पाण्याच्या टाकीवर, दुपारी उसाचे वाढे तोडताना, संध्याकाळी मोजणीच्या रांगेत. मी म्हणायचो पोरगं आलं नाही, तो म्हणायचा आलं. छावणीला पाण्याचा टँकर यायचा. त्याचा ड्रायव्हर उरलेली भाकरी करड्याला टाकायचा, म्हणून टँकर लांबनं दिसला की करड्या उठून उभा राहायचा. मी शिदूला ओरडून दाखवायचो, "बघ, टँकरवाला बी ह्येचं पोरगंच हाय जणू." शिदू नुसता म्हणायचा, "शेपूट बघ. खाली हाय."

आणि ते खालीच असायचं. मी तसं कबूल मात्र केलं नाही.

एकदा वहिनीनं मला टाकीपाशी गाठलं. हातातली बादली खाली ठेवली नाही, तशीच बोलली. "भावजी, तुमची दोन्ही पोरं घरात हाईत. तुमाला आला न्हाई म्हणायला काय जातंय?"

मी म्हणालो, "वहिनी, सिनेमाचं चाललंय."

"व्हय," ती म्हणाली, "सिनेमाचंच."

आणि बादली घेऊन गेली. चालताना पाणी हिंदकळू दिलं नाही. त्या उन्हाळ्यात कुणाच्याच बादलीतनं पाणी सांडत नसे.

मला कळत नव्हतं असं नाही. मला सगळं कळत होतं. पण मला जे दिसत नाही ते दिसलं म्हणायची सवय नाही. बापासमोर म्हणालो नाही, बायकोसमोर म्हणालो नाही. ती बिचारी माझ्या आधी गेली, तिलाही कधी "तुझं खरं" असं म्हटल्याचं आठवत नाही. तसं म्हणून लोक खूश होतात, हे मला माहीत आहे. मी तसं खूश करणाऱ्यातला नव्हे. मित्राला खोटं सांगून गप करणं हा मला त्याचा अपमान वाटत आला आहे.

मग एका दुपारी मेजर माझ्या बाजेवर येऊन बसला. त्याच्या मोबाईलवर तो सिनेमा आला होता. कुणी पाठवला, कसा आला, मी विचारलं नाही. वर जाळी तापलेली, जनावरं धापा टाकत होती. आम्ही धोतराच्या सोग्याखाली मोबाईल धरून बघायला लागलो. म्हातारा होता. स्टँड होतं. नळ होता, पण शेवाळ काही दिसलं नाही. बाकाची फळी मोडलेली होती. म्हातारा बसला, गाड्या आल्या, माणसं उतरली. शेवटाला त्याचा डोळा लागला. भिंतीवरनं उजेड सरकला. काळोख झाला.

मेजरनं मागं घेऊन परत लावलं. परत बाक, परत उजेड, परत काळोख. बाकाखाली सावली होती. नुसती सावली.

"कुत्रंच न्हाई, ज्ञानू," मेजर म्हणाला. "आख्ख्या पिक्चरमधी कुत्रं न्हाई." तो उठलाच. "चल. आत्ता जिरवू त्येची."

"बस खाली," मी म्हणालो.

"आरं, तू जिंकलास की."

"ह्यो सिनेमा येगळा हाय."

"येगळा कसा? त्योच हाय. नाव बघ."

"माझं भांडण शिदूनं सांगितलेल्या सिनेमाशी हाय. त्यात कुत्रं हाय. तू गप बस, आन् शिदूला ह्यो दाखवलास तर माझ्या दावणीला येऊ नगंस."

मेजरनं मोबाईल खिशात घातला. फौजेतला माणूस, हुकूम कळतो.

त्या संध्याकाळी मी शिदूकडं गेलो. खोकून खोकून त्याच्या गळ्याच्या शिरा दोरीसारख्या झाल्या होत्या. वडूजच्या डॉक्टरनं सांगलीला न्या म्हणून सांगितलं होतं. तो म्हणत होता, पाऊस झाला की जाऊ, जनावरं कुणावर टाकू. गाय आणि कालवड, एवढीच त्याची जनावरं. मी बाजेच्या कडेवर बसलो आणि म्हणालो, "शिदू, मी ईचार केला. त्या कुत्र्यानं शेपूट वर केलं आसंल, पण म्हाताऱ्याला बघून. म्हाताऱ्याचं अंग हललं आसंल झोपंत."

शिदू कोपरावर उठून बसला. कितीतरी दिवसांनी त्याच्या डोळ्यांत पाणी नसलेली चमक दिसली. "न्हाई. म्हातारा हिकडं, कुत्र्याचं तोंड तिकडं. गाडीकडं."

"तोंड कुणीकडं हुतं ते तू आदी सांगितलं न्हवतं."

"आता सांगतोय न्हवं."

"आता सांगून चालत न्हाई. कायदा हाय."

बराच वेळ भांडलो. वहिनीनं चहा आणला, तो निवला तरी आम्ही भांडतच होतो. करड्या मधे बसून एकदा माझ्याकडं, एकदा शिदूकडं बघत होता. मला वाटतं सगळ्या उन्हाळ्यात ती एकच संध्याकाळ बरी गेली.

मिरगाच्या तोंडावर, ढग येऊन नुसते बघून जात होते तेव्हा, शिदू गेला. दुपारची वेळ. मी पलीकडच्या ओळीत वाढे तोडत होतो. वहिनी आली आणि साध्या आवाजात म्हणाली, "भावजी, हे बोलंनात." शिदू जाळीच्या मेढीला टेकून बसला होता, काठी मांडीवर आडवी, तोंड फाट्याच्या रस्त्याकडं. माशा होत्या. करड्या त्याच्या पायाशी झोपला होता. कुत्र्याला कळतं म्हणतात. त्या दिवशी त्याला कळलं नव्हतं.

बजरंगला शोधायला मेजरनं पुण्याकडच्या आपल्या फौजेतल्या माणसांना फोन लावले. चाकणच्या बाजूला कुठल्यातरी कंपनीत आहे एवढं कळलं. निरोप पोचला. तेवढंच कळलं, की निरोप पोचला. आम्ही दिवस कलेपर्यंत थांबलो आणि मग वहिनीच्या भाच्यानं अग्नी दिला. मोजणीला आलेली माणसं लांब उभी राहिली. शिदूची गाय आणि कालवड त्या संध्याकाळी मी माझी म्हणून दाखवली.

आज पोरं म्हणतात शेवट दाखवला नाही म्हणून सिनेमा भारी. मी त्यांच्याशी भांडायला बसलो असतो. पण शेवट न दाखवण्याचं ज्यांना भारी वाटतं त्यांचा अजून कुणी रस्त्यावरनं यायचा राहिलेला नसतो, असं मला वाटतं. सिनेमा संपल्यावर दिवे लागतात आणि माणूस उठून घरी जातो. ज्याच्या घरीच तो सिनेमा चालू आहे त्यानं उठून कुठं जायचं? वहिनी त्या घरात एकटी राहते. दाराला आतनं कडी लावत नाही. मी एकदा बोललो तर म्हणाली, "करड्याला येता-जाता यावं म्हणून." करड्या आता नाही. कडी अजून लावत नाही.

शिदूच्या दहाव्याला आम्ही येरळेच्या पात्रात गेलो. पात्र म्हणजे नुसती तापलेली वाळू आणि काठाला बाभळी. विधी करणारे काका होते, वहिनी, भाचा, मेजर, मी आणि आमच्या ओळीतली चार माणसं. करड्या मागनं आला, कुणी हाकललं नाही, बाभळीखाली जाऊन पडला. पिंड ठेवला. आम्ही मागं सरकून उभे राहिलो.

कावळेच नव्हते. सगळे छावणीवर होते, तिथं त्यांना शेण होतं, मेलेली जनावरं होती. बऱ्याच वेळानं एक आला आणि बाभळीच्या शेंड्यावर बसला. पिंडाकडं बघितलं, आणि तसाच बसून राहिला. ऊन डोक्यावर आलं. पायाखालची वाळू चटके द्यायला लागली.

काका म्हणाले, "काय इच्छा राहिली आसंल ती बोला."

वहिनी म्हणाली, "गाय संभाळीन. कालवड इकणार न्हाई."

कावळा हलला नाही.

मेजर पुढं झाला. "बजरंगला हुडकून आणतो, शिदू. माझा शबुद हाय."

कावळ्यानं चोच फांदीला घासली आणि दुसरीकडं तोंड केलं. भाचा काहीतरी म्हणाला, आमच्या ओळीतली माणसं काहीबाही म्हणाली. मग वहिनी माझ्याकडं वळली.

"भावजी, तुमी बोला. सगळा उनाळा त्यांचं तुमच्याशीच आडलं हुतं."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. कुत्र्याचं भांडण छावणीत ठाऊक नाही असा माणूस नव्हता. मी पायताण काढलं. वाळूतनं पिंडापर्यंत चालत गेलो. तळपाय भाजत होते, भाजू दिले.

"शिदू," मी म्हणालो, "कुत्रं उठलं ते पोराला बघूनच उठलं. शेपूट वर हुतं. पोरगं आलं. तुझं खरं."

मागं वळलो तर मेजर खाली वाळूकडं बघत होता. त्या सिनेमात कुत्रं नाही हे तिथं आम्हा दोघांनाच माहीत होतं.

आम्ही थांबलो. कावळा आला नाही. खरं सांगायचं तर मला आतनं बरं वाटलं. शिदूनं माझा आवाज एवढी वर्षं ऐकलेला. मला पटलेलं काय आणि नुसतं बोललेलं काय, हे त्याला कळल्याशिवाय राहणार नव्हतं.

काकांनी पिशवीतनं दर्भ काढला. कावळा शिवला नाही तर दर्भाचा कावळा करून तो पिंडाला लावायचा, अशी रीत आहे. त्यांनी पहिली गाठ मारली, आणि बाभळीखालचा करड्या उठला.

तो एकदम उठला. कान ताठ, तोंड रस्त्याकडं. काठावरनं फाट्याकडचा रस्ता जातो. वळणापलीकडं धूळ उठलेली दिसत होती, काय येतंय ते दिसत नव्हतं.

कुत्रं उठण्यावरनं काही कळत नाही, असं मी सगळा उन्हाळा बोंबलून सांगितलं होतं. आणि सगळ्यात आधी मान मी वळवली. माझ्यामागनं मेजरनं, भाच्यानं, बाकीच्यांनी. काकांचे हात गाठीवर थांबले. वहिनी तर दोन पावलं पुढं आली होती, पदर तोंडाला लावून. धूळ वळणावर आली.

टँकर होता. छावणीचा. ड्रायव्हरनं आम्हाला बघून हात वर केला, थांबला नाही. धूळ आमच्यापर्यंत आली, अंगावर बसली. करड्या थोडा वेळ उभा राहिला, मग गोल फिरून परत बाभळीखाली पडला.

जरा वेळानं मेजर हळूच म्हणाला, "शेपूट वर हुतं का खाली?"

मी भाच्याकडं बघितलं, भाच्यानं दुसऱ्यांकडं. आम्ही सगळे रस्ता बघत होतो. शेपूट कुणीच बघितलं नव्हतं.

वहिनीला विचारलं नाही. टँकर जाऊन धूळ बसली तरी तिनं रस्त्यावरची नजर काढली नव्हती. काका वाळूत बसून दर्भाचा कावळा बांधत होते. गवत लय वाळलेलं होतं. गाठ मारली की तुटत होतं, आणि ते परत नवी काडी घेत होते.